नाताळ अंकाच्या स्पर्धेला कविता पाठवू का? श्रीरामपूरच्या एका शिक्षिकेला उत्तर

श्रीरामपूर तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेने काही प्रश्न विचारले आहेत. त्या मंडळीसाठी, म्हणजे आपल्या चर्चसाठी, गीतं लिहितात. एका ख्रिस्ती मासिकाने नाताळ अंकासाठी कवितास्पर्धा ठेवली आहे, तिथे कविता पाठवावी का? देवाच्या स्तुतीची स्पर्धा लावणं बरं नव्हे असं त्यांच्या आईंना वाटतं, त्यांना काय सांगावं? येशूचं नाव नसलेली कविता ख्रिस्ती स्पर्धेत चालते का? आणि एका व्हॉट्सॲप समूहाने ‘आपली कविता निवडली आहे, प्रातिनिधिक संग्रहासाठी आठशे रुपये भरा’ असं कळवलंय, ते भरावेत का? सोबत त्यांनी ‘प्रभूची महती’ ही चोवीस ओळींची कविता जोडली आहे.

बाई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याला मुदत असेल. आठशे रुपये भरू नका. का ते पुढे येईलच. मासिकाच्या स्पर्धेला मात्र नक्की पाठवा, फक्त कविता आहे तशी पाठवू नका.

मी वसईची. शाळेत मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं आणि कविता त्याच्या जोडीने चालू राहिली. धर्मग्रामाच्या (म्हणजे आमच्या चर्चच्या), मासिकांच्या, संमेलनांच्या स्पर्धांना तीसेक वर्षं कविता पाठवल्या, त्यातल्या बहुतेक परत आल्या किंवा त्यांचं काय झालं ते कळलंच नाही. पुढे परीक्षक म्हणून बोलावणी येऊ लागली, तेव्हा पहिल्यांदा समजलं की आपल्या कविता मागे का पडत होत्या.

नाताळच्या स्पर्धेचा गठ्ठा टेबलावर येतो तेव्हा काय होतं ते सांगते. साठ-सत्तर कविता असतात. पहिल्या वीस वाचून होईपर्यंत गोठा, तारा, मेंढपाळ, तीन ज्ञानी आणि बाळाचं गोजिरं रूप इतक्या वेळा आलेलं असतं की एकविसावी कविता कोणाची हे सांगता येत नाही. प्रेमाचा सागर, शांतीचा आगर, दयेचा झरा, तारणाचा तारा. तुमच्या कवितेच्या पहिल्या अठरा ओळी याच आहेत. त्या खोट्या नाहीत. उपासनेत त्या उभ्या राहतात, कारण तिथे पेटी असते, तबला असतो, शेजारी उभी असलेली बाई आपलं दुःख त्या ओळीत ओतून गात असते. गीताला मोकळी जागा लागते, म्हणजे गाणाऱ्याला त्यात शिरता येतं. कागदावरच्या कवितेला ही मदत नसते. परीक्षक एकटा असतो, रात्रीचे अकरा वाजलेले असतात, आणि तुमच्याकडे फक्त शब्द असतात.

मग एकोणिसावी ओळ आली आणि मी चष्मा पुसून पुन्हा वाचली :

आईनं गुडघे टेकले तेव्हा लाकूड ओलं होतं
धुरात तिचं आमेन अडकलं

बाई, तुमची कविता इथे सुरू होते. आधीच्या अठरा ओळी म्हणजे तुम्ही देवळाच्या पायऱ्या चढत होता. ही बाई मला दिसली, तिचा खोकला ऐकू आला, आणि आमेन न म्हणताच तिची प्रार्थना पोचली असेल का, हा प्रश्न माझ्या मनात आपोआप उभा राहिला. तुम्ही तो विचारलाही नाही. पुढच्या चार ओळींत तुम्ही घाबरून परत ‘दयेच्या सागरा’कडे गेलात. जाऊ नका. चुलीपाशीच थांबा.

तुमच्या भागात राहणाऱ्या ख्रिस्ती कवीकडे किती ऐवज आहे याची तुम्हाला कल्पना आहे का, असं मला तुमचं पत्र वाचताना वाटत राहिलं. मेंढपाळांचंच घ्या. बायबलमधल्या लूकच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात मेंढपाळ रानात राहून रात्री कळप राखत होते असं आहे. आम्ही वसईकरांनी हे चित्रात पाहिलं, नाताळच्या गोठ्यात मातीची मेंढरं मांडली. तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलंय. पीक निघालं की धनगरांचा वाडा येतो, शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवतो, रात्रभर कुत्री भुंकत असतात, शेकोटीपाशी कुणीतरी घोंगडं पांघरून जागा असतो. त्या माणसाला मध्यरात्री कुणी येऊन सांगितलं की तुझ्यासाठी तारणारा जन्मला आहे, तर तो आधी काय करेल? कळप कोणावर सोपवेल? बेथलेहेमला निघताना मेंढ्यांचं काय केलं हे लूक सांगत नाही. ही फट कवीसाठी आहे. साठ कवितांत ‘मेंढपाळ धावले’ असतं. त्यांपैकी एकीत मागे राहिलेल्या पोराची रात्र असली, तर ती कविता मी बाजूला काढून ठेवणारच.

काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत एका परिचारिकेची छोटी कविता आली होती. रात्रपाळीत एक रुग्ण दगावतो, नातेवाईक पोचलेले नाहीत, ती नळ्या काढते, नोंद करते, आणि शेवटी दोनच ओळी :

पाळी संपताना मी हात धुते
पिलातानेही धुतले होते

पिलात म्हणजे येशूला मृत्युदंड देताना ‘दोष माझा नाही’ म्हणून हात धुणारा रोमन सुभेदार. बाकी कुठे देवाचं नाव नाही, येशूचं नाही, क्रूस नाही. आम्ही तिघे परीक्षक होतो, एक फादर, एक प्राध्यापक आणि मी. तिघांच्याही यादीत ती पहिली होती. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. येशूचं नाव असणं हा ख्रिस्ती कवितेचा दाखला नव्हे. शास्त्र ज्याच्या रक्तात भिनलं आहे त्याने हात धुतले तरी त्याला पिलात आठवतो, आणि ते वाचणाऱ्याला कळतं. नारायण वामन टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य’ पिढ्यान् पिढ्या शाळेत शिकवली गेली. तीर लागलेल्या पक्षिणीची ती कविता वाचताना कवी कोणत्या देवळात जात होता हे कोणी विचारलं नाही. याच टिळकांची गीतं आजही मंडळ्या उपासनेत गातात. एका माणसाने दोन्ही लिहिलं आणि दोन्ही पूर्ण मनाने लिहिलं.

तेव्हा आईंना काय सांगायचं ते यातच आहे. त्यांची शंका हलकी समजू नका. उपासनेसाठी, कुणाच्या दफनविधीसाठी, बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी लिहिलेलं गीत स्पर्धेला पाठवू नये असं मलाही वाटतं, आणि मी ते कधी पाठवलं नाही. ते देऊन टाकलेलं असतं. दिलेल्या वस्तूला गुण मागायला जायचं नाही. पण जी कविता तुम्ही वाचकासाठी घडवली, शब्द बदलून पाहिले, ओळ खोडली, ती कशी झाली आहे हे जाणत्या माणसाने सांगावं अशी इच्छा धरण्यात काही वावगं नाही. परीक्षक तुमच्या विश्वासाला गुण देत नाही, तो देऊ शकतच नाही. तो शब्दांना देतो. आईंना हे पटलं नाही तर घाई करू नका, चुलीची कविता त्यांना वाचून दाखवा.

आता घडणीबद्दल थोडं सविस्तर, कारण बहुतेक कविता इथे पडतात.

आपल्याकडे एक गैरसमज घट्ट आहे की ख्रिस्ती कविता म्हणजे बाहेरून आलेल्या चालींवर बसवलेली कविता. हे खरं नाही. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट मिशनरी १५७९ मध्ये गोव्याला उतरला आणि त्याने येशूचं चरित्र सांगायला ओवी निवडली. १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त जवळपास अकरा हजार ओव्या आहेत. परक्या माणसाला कळलं होतं की इथल्या बाईच्या कानात जातं ते ओवीतून जातं. टिळकांनी पुढे अभंग हातात घेतला, ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ सुरू केलं, आणि ते त्यांच्या हयातीत अपुरं राहिलं तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. शाळेचं फारसं शिक्षण नसलेली ही बाई १९३३ मध्ये नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाची अध्यक्ष होती. टिळक दांपत्य तुमच्याच जिल्ह्यात, नगर-राहुरीत वावरलं, बालकवी त्यांच्या घरी राहिले. तुमच्या गावाहून हे सगळं एका एस्टीच्या अंतरावर आहे.

म्हणून मोठा अभंग लिहून पाहा, स्पर्धेसाठी नसला तरी हातासाठी. सहा, सहा, सहा, चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. जोडाक्षर एकच धरायचं. तुम्ही पत्रात लिहिलंय की वडील कालव्याच्या आवर्तनात रात्री पाणी धरायला जातात. त्यावरून मी बसल्या बसल्या हे करून पाहिलं :

पाटावरी पाणी । रात्रभर जागे ।
बाप माझा मागे । फावड्याने ॥
वळवितो वाफे । बोलत ना काही ।
देव त्याचा पाही । चिखलात ॥

हे काही थोर नाही. पण चार अक्षरांच्या शेवटच्या चरणात ‘प्रेमसागर’ बसवून पाहा, पाच अक्षरं होतात, छंद तुम्हाला अडवतो. छंदाचा खरा फायदा हा. तो सवयीचा शब्द दारात थांबवतो आणि दुसरा शोधायला लावतो. मुक्तछंद लिहिणाऱ्याला हे काम स्वतःच करावं लागतं. स्पर्धेत मुक्तछंद कमी लेखतात अशी भीती काहींना असते. मी बसले त्या मंडळांत तसं कधी झालं नाही. मात्र निम्म्या ओळींना यमक आणि निम्म्या मोकळ्या, चाल मध्येच बदललेली, अशी कविता लगेच बाजूला जाते. एक काहीतरी ठरवा.

शब्दांबद्दल मला जास्त बोलायचं आहे. आपल्या मंडळ्यांत एक मराठी तयार झाली आहे : ‘धन्यवादित असो’, ‘आशीर्वादित केलेस’, ‘सार्वकालिक’, ‘पाचारण’. तिच्यात वाढलेल्या माणसाला ती ऊबदार वाटते आणि कवितेत ती फारसं काही करत नाही, कारण ती वापरून गुळगुळीत झाली आहे. टाकून द्या असं म्हणत नाही. उलट करून बघा. ‘तारण’ हा शब्द घ्या. देवळात तो उच्चारला की डोळे मिटतात. पतपेढीत उच्चारला की सोनं काढून द्यावं लागतं. पेरणीच्या आधी आईच्या बांगड्या तारण ठेवल्या आहेत आणि रविवारी तीच आई तारणाचं गीत गाते आहे, अशी कविता आपल्या मराठीत होऊ शकते. तारणाच्या पोटात हे दोन अर्थ असे शेजारी बसले आहेत. हा ऐवज आपला आहे आणि तो कोणी उचलत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

घरची बोलीही आणा. माझ्या लहानपणी आम्ही घरात सामवेदी ही वसईकडची बोली बोलायचो आणि कविता लिहायला बसलं की पुस्तकी मराठी. ती भिंत पाडायला मला वीस वर्षं लागली. तुमच्या कवितेत ‘लाकूड ओलं’ आहे, ते तसंच हवं.

मासिक कोणाचं आहे ते मात्र बघा. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये नगरला प्रॉटेस्टंट मिशनने सुरू केला, ‘निरोप्या’ १९०३ पासून कॅथलिकांचा, वसईचं ‘सुवार्ता’ही कॅथलिक, फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे दीर्घकाळ संपादक होते. हेच फादर पुढे २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वाचकवर्ग वेगळा तसा शब्दही वेगळा : आम्ही क्रूस म्हणतो, तुमच्याकडे वधस्तंभ चालतो, आमचा मिस्सा, तुमची उपासना, आमचे फादर, तुमचे पाळक. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेवर सुंदर कविता लिहिली तरी प्रॉटेस्टंट मासिकाच्या स्पर्धेत ती अवघडून उभी राहील. दोष कोणाचा नाही. त्या मासिकाचे दोन-तीन जुने अंक मिळवून वाचा, मग पाठवा. आणि दर वर्षी एखादी कविता सर्वसाधारण मराठी स्पर्धेलाही जाऊ द्या. तिथल्या परीक्षकाला तुमचे संदर्भ ठाऊक नसतात, त्यामुळे चूल पेटते की नाही हे तिथे जास्त स्पष्ट कळतं.

आता पैसे. अंकाच्या किंवा संस्थेच्या स्पर्धेला पन्नास-शंभर रुपये प्रवेशशुल्क असेल तर त्यात गैर काही नाही, छपाई-टपालाला पैसे लागतातच. प्रश्न असतो निवडीनंतर पैसे मागण्याचा. व्हॉट्सॲपवरच्या अनेक समूहांत रोज विषय देतात, रात्री निकाल लागतो, सर्वोत्कृष्ट, उत्कृष्ट, प्रथम, द्वितीय, लक्षवेधी असं करत जवळपास सगळ्यांना रंगीत प्रमाणपत्र मिळतं. रोज लिहायची सवय लागते एवढा त्याचा उपयोग आहे, तो मी नाकारत नाही. पण पुढची पायरी प्रातिनिधिक संग्रहाची असते. शंभर कवी, प्रत्येकाचे आठशे रुपये, शिवाय प्रती विकत घ्या. निवड झालीच नव्हती, गिऱ्हाईक शोधलं होतं. मी स्वतः १९९८ च्या सुमारास असे पैसे भरले. संग्रह आला तेव्हा माझ्या कवितेच्या शेवटच्या दोन ओळी पान संपलं म्हणून कापलेल्या होत्या. विचारायला गेले तर दाद मिळाली नाही. परदेशातही हे चालतं, ‘आपण उपान्त्य फेरीत’ असं पत्र येतं आणि मागून जाड पुस्तकाची मागणी. इंग्रजीत लिहिणाऱ्या आपल्या मुलामुलींनी डॉलरमधलं शुल्क भरण्याआधी हे लक्षात ठेवावं.

कोणत्याही स्पर्धेबद्दल मी तीन गोष्टी बघते. परीक्षकांची नावं निकालाबरोबर तरी जाहीर होतात का. गेल्या वर्षीच्या बक्षीसपात्र कविता कुठे वाचायला मिळतात का, आणि त्या चांगल्या आहेत का. बक्षिसं किती आहेत, कारण तीस जणांना पहिलं बक्षीस देणारी स्पर्धा काहीच निवडत नसते.

नियमांत ‘कवितेचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ असं वाक्य असेल तर तिथे थांबा. अंकात एकदा छापण्याची परवानगी देणं वेगळं आणि हक्क देऊन टाकणं वेगळं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी, सहीनिशी द्यावे लागतात, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणून सहीचा कागद आला तर ‘या अंकात एकदा प्रसिद्ध करण्यास परवानगी’ एवढंच लिहून द्या. चांगले संपादक याला हरकत घेत नाहीत.

पाठवण्याची बाब थोडक्यात. ‘अप्रकाशित’ असं लिहिलं असेल तर फेसबुकवर किंवा समूहावर टाकलेली कविता त्यात बसत नाही, निदान मी परीक्षक असते तेव्हा बसवत नाही. तुमची ही कविता कुठे टाकली असेल तर बदललेली कविता आता निकालापर्यंत घरातच ठेवा. नाव-पत्ता वेगळ्या कागदावर, कवितेच्या पानावर नाव नको. युनिकोडमध्ये टाइप करा, जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की काना-वेलांट्या उडतात आणि संपादक ती दुरुस्त करत बसत नाही. ओळींची मर्यादा वीस असेल तर एकवीस नको.

एक गोष्ट गीतं लिहिणाऱ्यांना मुद्दाम सांगावी लागते. ‘उपासना संगीत’ हे मंडळ्यांचं गीतपुस्तक गात वाढलेल्या माणसाच्या तोंडात तिथल्या ओळी इतक्या मुरलेल्या असतात की लिहिताना त्या आपल्याच वाटतात. एकदा आम्ही दिलेलं बक्षीस मागे घ्यावं लागलं, कारण दुसरं कडवं एका जुन्या गीताचं दोन शब्द बदलून निघालं. त्या बाईंनी चोरी केली नव्हती, त्या रडत होत्या. कविता पाठवण्याआधी एखाद्या जुन्या गाणाऱ्या माणसाला ऐकवा. तो लगेच ओळखेल.

निकालाचं म्हणाल तर बक्षीस न मिळालेली कविता मी वर्षभर ठेवून देते आणि पुढच्या पावसाळ्यात काढून वाचते. काहींतला दोष तेव्हा स्वच्छ दिसतो. काही तेव्हाही चांगल्याच वाटतात, त्या दुसरीकडे पाठवते. परीक्षकाला पत्र लिहून कारण विचारायचं नाही. पण संपादकाने आपणहून दोन ओळी लिहिल्या तर ते पत्र जपून ठेवा, बक्षिसापेक्षा ते जास्त दुर्मीळ असतं.

आणि नाताळची कविता नाताळ झाल्या झाल्या लिहा. आजकाल मी डिसेंबरच्या शेवटी कच्चं लिहून ठेवते, कारण तेव्हा करंज्यांचा वास, मध्यरात्रीच्या मिस्साची थंडी, चांदणी टांगताना मोडलेला बांबू, सगळं अंगावर असतं. सप्टेंबरात लिहायला बसलं की आठवणीत फक्त गोठा आणि तारा उरतो.

या वर्षी तुमच्याकडे तेवढा वेळ नाही, मुदत महिनाअखेरची आहे. तेव्हा असं करा. पहिल्या अठरा ओळी वेगळ्या वहीत उतरवून ठेवा, त्यांना चाल लावून मंडळीत गा. ‘प्रभूची महती’ हे नावही त्या गीताला द्या. ओल्या लाकडाच्या त्या दोन ओळींपासून नवी कविता सुरू करा. आईंना विचारा की त्या सकाळी त्या काय मागत होत्या. सांगितलं तर लिहा, नाही सांगितलं तर तेही लिहा. दहा-बारा ओळी पुरे. आणि शुद्धलेखन तपासायला कुणाला दिलीत, तर ‘ओलं’चं ‘ओले’ आणि ‘आईनं’चं ‘आईने’ करू देऊ नका.